मोटारसायकल हौद्यात चढवायचा रॅम्प निवडताना

आम्ही तिघे मित्र राधानगरी, आजरा, चंदगड आणि गगनबावडा या भागांतून बंद पडलेल्या जुन्या मोटारसायकली विकत आणतो आणि कोल्हापुरात त्या पुन्हा चालत्या करतो. यांतल्या बहुतेक गाड्या गोठ्याच्या कडेला किंवा वैरणीच्या गंजीआड वर्षानुवर्षे उभ्या असतात. येझदी बनवणारा मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्याच्याही आधीपासून जागची न हललेली एखादी येझदी कधी हाती लागते, तर कधी चाकांत हवा नसलेली आणि ब्रेक जॅम झालेली बुलेट मिळते. अशी गाडी स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर टेम्पोत चढणे शक्य नसते. ती ढकलून, ओढून, प्रसंगी उचलूनच हौद्यात घ्यावी लागते. या खटाटोपात आजवर आम्ही चार प्रकारची साधने वापरली: हमालांकडून मागून आणलेली लाकडी फळी, लोखंडी चॅनेल (दोन्ही कडा उभ्या असलेली, पन्हाळीसारखी लोखंडी पट्टी), ऑनलाइन मागवलेला घडीचा ॲल्युमिनियमचा रॅम्प आणि शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आमच्या मापाने करून घेतलेला पोलादी रॅम्प. या चारही साधनांबद्दलचे माझे मत येथे मांडत आहे. ज्यांना वर्षातून एकदाच गाडी हलवायची असते त्यांना यातला बराच मजकूर जास्तीचा वाटेल, परंतु ज्यांना हे काम दर महिन्याला करावे लागते त्यांचे थोडे पैसे आणि बरीचशी कंबर यातून वाचेल.

रॅम्प घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे हा किती किलो पेलतो. आम्हीही तोच विचारला होता आणि तिथेच चुकलो. बाजारात मिळणारा बरा रॅम्प मोटारसायकलीच्या वजनाने सहसा मोडत नाही. मोडतो तो ढकलणारा माणूस, आणि तो मोडतो रॅम्पच्या आखूडपणामुळे. म्हणून सर्वांत आधी टेप घेऊन स्वतःच्या टेम्पोच्या हौद्याची जमिनीपासूनची उंची मोजावी, आणि ती टेम्पो रिकामा असताना मोजावी, कारण चढवण्याच्या वेळी टेम्पो रिकामाच असतो आणि रिकाम्या टेम्पोचे पाटे (स्प्रिंगा) वर उचललेले असतात. आमच्या वापरातल्या छोटा हत्तीच्या (टाटा एस टेम्पोच्या) हौद्याची कड जमिनीपासून २७ इंच भरते. कधीकधी भाड्याने घेतो त्या पिकअपची ३३ इंच भरते. ऐकायला हा सहा इंचांचा फरक किरकोळ वाटतो.

तो किरकोळ का नाही, हे थोड्या आकडेमोडीने कळते. उतारावर गाडी नुसती धरून ठेवायला लागणारा जोर म्हणजे गाडीच्या वजनाला हौद्याच्या उंचीने गुणून रॅम्पच्या लांबीने भागल्यावर येणारा आकडा, इतके शाळेतले भौतिकशास्त्र येथे पुरते. रॉयल एन्फिल्डच्या सध्याच्या क्लासिक ३५० चे पेट्रोलसकट वजन १९५ किलो आहे. २७ इंच उंचीच्या हौद्याला सहा फुटी रॅम्प लावला तर ७३ किलोंचा जोर लागतो, साडेसात फुटी लावला तर साधारण ५९ किलोंचा, आठ फुटी लावला तर ५५ किलोंचा आणि नऊ फुटी लावला तर ४९ किलोंचा. तोच सहा फुटी रॅम्प ३३ इंची पिकअपला लावला की आकडा ८९ किलोंवर जातो आणि चढ २७ अंशांचा होतो. हा हिशेब गाडी स्थिर धरण्याचा आहे. गाडी पुढे सरकवायला त्याहून अधिक रेटावे लागते, चाकांत हवा कमी असेल तर आणखी अधिक, आणि हे सगळे एका हाताने हँडल सरळ धरून, पायाखाली धड जागा नसताना करायचे असते. सहा फुटी रॅम्पवर आम्हाला चौथा माणूस लागत असे आणि तो गल्लीत नेहमी सापडतोच असे नाही. आठ फुटी रॅम्पवर तेच काम तिघे बोलत बोलत करतात.

लांबीचा दुसरा संबंध गाडीच्या पोटाशी आहे. रॅम्प संपून हौदा सुरू होतो तिथे एक कोपरा तयार होतो. पुढचे चाक हौद्यात आणि मागचे अजून रॅम्पवर असताना गाडीचा मधला भाग बरोबर त्या कोपऱ्यावर येतो. क्लासिक ३५० च्या दोन चाकांमधले अंतर १३९० मिलिमीटर आहे आणि जमिनीपासून पोटाची उंची १७० मिलिमीटर. सहा फुटी रॅम्पच्या २२ अंशांच्या चढावर त्या कोपऱ्यासाठी पोटाखाली साधारण १३५ मिलिमीटर जागा लागते. कागदावर ३५ मिलिमीटर शिल्लक दिसतात, पण गाडी ढकलताना शॉकअप दबतात, आणि जुन्या गाडीचे स्टँड किंवा बसके सायलेन्सर मूळ मापापेक्षा खाली लोंबत असतात, त्यामुळे ती शिल्लक हातची जाते. साडेसात फुटी रॅम्पवर हीच गरज १०७ मिलिमीटरच्या आसपास येते. गाडी एकदा पोटावर बसली की ती पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही, आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांचे पाय जमिनीपासून दोन-अडीच फूट वर असतात. हा प्रसंग आमच्यावर दोनदा आला आहे, दोन्ही वेळा सहा फुटी फळीवर.

आता एकेका साधनाकडे वळतो. लाकडी फळीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढणारे हमाल ज्या जाड फळ्या वापरतात, तशी एक आम्ही सुरुवातीला मागून आणत असू. तिच्यावरून माणूस उत्तम चढतो, कारण लाकूड पायाला धरते. मोटारसायकलीसाठी तिचे दोन दोष आहेत: तिला वरच्या टोकाला अडकवण्याची काही सोय नसते, आणि पावसात भिजलेल्या फळीचे वजन व भरवसा या दोहोंचा अंदाज बांधता येत नाही. गाठ असलेल्या जागी लाकूड आतून चिरलेले असले तरी वरून दिसत नाही. अडीनडीला ती चालेल, परंतु विकत घेण्याचे साधन म्हणून तिची शिफारस करणार नाही.

लोखंडी चॅनेल हा आपल्याकडचा लाडका तोडगा आहे. भंगारवाल्याकडे चॅनेलचा तुकडा मिळतो, दोन्ही कडा उभ्या असल्याने चाक बाहेर जाणार नाही असे वाटते आणि लोखंड म्हटल्यावर मजबुतीची चिंता उरत नाही. प्रत्यक्षात १०० मिलिमीटरच्या चॅनेलमध्ये क्लासिकचे मागचे १२० मिलिमीटर रुंदीचे टायर मावतच नाही, ते दोन कडांवर बसून चालते. १५० मिलिमीटरच्या चॅनेलमध्ये टायर मावते, पण त्याचे वजन मीटरला १६ किलोंहून अधिक आहे, म्हणजे साडेसात फुटी तुकडा ३७-३८ किलोंचा होतो. त्यातही चॅनेल असे आडवे टाकले की ते त्याच्या अशक्त बाजूने वाकते. उभ्या चॅनेलची जी ताकद असते तिचा लहानसा अंशच आपल्याला मिळतो. आतला गुळगुळीत पत्रा ओला झाला की चाक जागीच फिरते. आणि उभ्या कडा चाकाला वाचवतात हा समजही पूर्ण खरा नाही: हँडल किंचित वळले तरी टायरची बाजू कडेला घासते, चाक कडेवर चढू पाहते आणि गाडी एकदम कलते. कडा असाव्यात, पण त्या बोटभर उंचीच्या आणि टायरला दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवणाऱ्या असाव्यात.

ऑनलाइन मागवलेला ॲल्युमिनियमचा रॅम्प साडेसात फुटी, मधोमध घडी होणारा आणि किंचित कमानीचा आहे. आमच्या काट्यावर त्याचे वजन १२ किलो भरले. मागे टेम्पो थांबला आहे, वरून पाऊस चालू आहे आणि रॅम्प एकट्याने काढून लावायचा आहे, अशा वेळी या १२ किलोंचे मोल कळते. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते, त्यामुळे हा फायदा धातूतच आहे. पण तेवढ्याच प्रमाणात ॲल्युमिनियम पोलादापेक्षा लवचिकही असते, म्हणून चांगल्या रॅम्पमध्ये बाजूच्या पट्ट्या उंच केलेल्या असतात. जिथे त्या उंच नसतील, तिथे रॅम्प भाराखाली झोल खातो आणि चढणाऱ्याचा धीर जातो. कमानीचा उपयोग वर सांगितलेल्या कोपऱ्यासाठी होतो. एकच तीव्र कोपरा कमानीमुळे थोडाथोडा वाटला जातो आणि गाडीचे पोट सुटते. बसक्या गाड्यांसाठी, विशेषतः ज्यांचे सायलेन्सर खालून जातात त्यांच्यासाठी, कमानीचा रॅम्प सरळ रॅम्पपेक्षा नक्कीच सरस आहे.

त्याच्यावर छापलेला ३४० किलोंचा आकडा मात्र नीट वाचायला हवा. असे आकडे पुष्कळदा रॅम्पच्या जोडीसाठी दिलेले असतात, म्हणजे चारचाकी वाहन दोन रॅम्पांवरून चढत असताना भार चार चाकांत विभागलेला असेल असे धरून. एका रॅम्पवरून मोटारसायकल चढवताना तो आकडा निम्मा धरणे शहाणपणाचे. शिवाय त्याच रॅम्पवर पाय देऊन चालणाऱ्या माणसाचे वजन विसरले जाते. १९५ किलोंची गाडी आणि ७५ किलोंचा माणूस मिळून २७० किलो होतात. विकणाऱ्याला हा आकडा एका रॅम्पचा की जोडीचा, असे सरळ विचारावे आणि उत्तर लेखी नसेल तर जोडीचाच आहे असे समजून चालावे. जोड पाहण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगजवळचा पट्टा उष्णतेने मऊ पडतो आणि मूळ धातूपेक्षा बराच कमजोर होतो. म्हणून पायऱ्या जिथे बाजूच्या पट्टीला जोडल्या आहेत त्या जागा दर काही महिन्यांनी कपड्याने पुसून, बारीक भेग दिसते का ते उजेडात पाहाव्यात. भेग दिसली तर ती नेहमीच्या वेल्डरकडून सांधून घेण्याच्या भानगडीत पडू नये. त्याला आर्गन वेल्डिंग लागते, आणि ते करूनही आजूबाजूचा भाग पुन्हा मऊ होतोच.

या रॅम्पशी आमची एकच गाठ वाईट पडली, आणि त्यात दोष आमचा होता. रॅम्पच्या वरच्या टोकाला हौद्यावर टेकणारी चपटी जीभ असते आणि सोबत दोन पट्टे येतात. ते पट्टे रॅम्पला घालून टेम्पोच्या सांगाड्याला किंवा मागच्या हुकांना ताणून बांधायचे असतात. त्या दिवशी आजऱ्याहून निघायला उशीर झाला होता, पट्टे बांधायचा कंटाळा आला, आणि जीभ चांगली बसली आहे असे पाहून आम्ही गाडी चढवायला घेतली. गाडी चालू स्थितीत होती, म्हणून पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच देत नेत होतो. पुढचे चाक हौद्यात गेले, मागच्या चाकाने जोर घेतला आणि त्या जोराने रॅम्प मागे ढकलला जाऊन खाली पडला. चाक गाडीला पुढे ढकलते तेव्हा त्याच जोराने ते पायाखालच्या रॅम्पला मागे ढकलते, हे कळायला आम्हाला इंजिनाच्या केसिंगवर एक खड्डा पाडून घ्यावा लागला. गाडी हौद्याच्या कडेवर लटकत राहिली आणि आजूबाजूचे चार जण धावून आले म्हणून खाली आली नाही. तेव्हापासून पट्टा बांधल्याशिवाय गाडीच्या हँडलला हात लावायचा नाही, असा नियम आहे. इंजिनाने चढवताना हा जोर मागे जातोच, आणि रॅम्पवर पाय रोवून ढकलतानाही जातो. शिवाय मोटारसायकलीचा भार हौद्यात आला की टेम्पोची मागची बाजू दोन-तीन बोटे खाली बसते आणि जीभ जागची सरकते, त्यामुळे पट्टा ढिला ठेवून उपयोग नाही, तो ताणलेलाच हवा.

इथे फाळक्याचा, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या झडपेचा, एक मुद्दा सांगितला पाहिजे. परदेशातल्या पिकअपचे फाळके आडवे उघडून भार घेतात, म्हणून तिकडच्या चित्रांमध्ये रॅम्प फाळक्यावर टेकवलेला दिसतो. आपल्याकडचा फाळका दोन साखळ्यांवर तोललेला पातळ पत्रा असतो. त्याच्यावर रॅम्प टेकवला तर साखळीची कडी उघडते किंवा पत्रा कायमचा वाकतो. फाळका पूर्ण खाली सोडावा आणि रॅम्पची जीभ थेट हौद्याच्या कडेवर घ्यावी. मात्र खाली सोडलेला फाळका आणि त्याच्या बिजागऱ्या कडेपासून थोड्या बाहेर येतात, आणि बाजारातल्या अनेक रॅम्पांची जीभ इतकी आखूड असते की ती या बिजागऱ्यांवरच अडते. खरेदीआधी हे अंतर मोजावे. आमच्या टेम्पोला निदान चार इंचांची जीभ लागते, आणि बाजारातल्या रॅम्पची तीन इंचांचीही नव्हती. ती उणीव आम्ही लाकडाची पट्टी टाकून भागवत होतो, आणि शेवटी कंटाळून स्वतःचा रॅम्प करून घ्यायचे ठरवले.

कोल्हापुरात असल्याचा फायदा इथे होतो. उद्यमनगरात एका गल्लीत लेथ, दुसरीत वेल्डिंग आणि तिसरीत पत्रा वाकवणारे प्रेस आहे. शेतीच्या अवजारांपासून साखर कारखान्याच्या सुट्या भागांपर्यंत काहीही करून देणारी माणसे तिथे भेटतात. आम्ही कागदावर सहा फुटी रॅम्पचे चित्र काढून नेले होते, कारण तो छोटा हत्तीच्या हौद्यात सहज आडवा मावेल असा आमचा हिशेब होता. मिस्त्रींनी चित्र पाहिले, टेम्पोची उंची विचारली आणि म्हणाले, "साहेब, आठ फूट करून घ्या. दोन फुटांचा खर्च वाचवून कंबर मोडून घेतासा व्हय?" आम्ही मावण्याची अडचण सांगितली. ती खरीही होती: छोटा हत्ती गोल्डचा हौदा २२०० मिलिमीटर लांब आहे, आणि क्लासिक ३५० स्वतःच २१४५ मिलिमीटर लांब आहे. गाडी आत गेल्यावर जेमतेम दोन बोटे उरतात, तिथे आठ फुटी, म्हणजे २४४० मिलिमीटरचा रॅम्प सरळ ठेवायला जागाच नाही. त्यावर मिस्त्रींनी मधोमध घडी सुचवली, आणि बिजागरी कुठल्या अंगाला घ्यायची यावर आमची चांगली अर्धा तास चर्चा झाली.

आम्हाला बिजागरी वरच्या अंगाला सोयीची वाटत होती. मिस्त्रींनी टेबलावर दोन पट्ट्या जोडून दाखवल्या. "वरनं घेतली तर मधनंच घडी हुईल बघा. खालनं घ्या." कारण सरळ आहे. रॅम्पवर भार आला की त्याचा खालचा अंग ताणला जातो आणि वरचा दाबला जातो. बिजागरी खाली असेल तर ती ताण घेते आणि वरच्या बाजूला दोन्ही तुकड्यांची तोंडे एकमेकांना भिडून घट्ट बसतात, म्हणजे भार जितका वाढेल तितका सांधा आवळतो. बिजागरी वर असेल तर खालचा सांधा उघडत जातो आणि रॅम्प मधेच मोडून पडतो. घडीचा कुठलाही रॅम्प घेताना ही एक गोष्ट दुकानातच उघडून पाहावी. बिजागरीचा खिळा साधा ठोकलेला नसून दोन्ही टोकांना अडवलेला असावा, हेही तिथेच पाहून घ्यावे.

रॅम्पच्या दोन्ही बाजूंना ६० बाय ४० मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा आयताकृती पाइप उभा वापरला आहे. त्यांच्यामध्ये दर सहा इंचांवर २५ मिलिमीटरच्या अँगलच्या आडव्या पायऱ्या, आणि पायऱ्यांवर पत्र्याची ताणलेली जाळी वेल्ड केली आहे. रुंदी एक फूट ठेवली. वजन २६ किलो झाले, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दुपटीपेक्षा अधिक, आणि हा त्याचा मुख्य दोष आहे. घडी घातलेला रॅम्प दोघांनी उचलावा लागतो, एकट्याने उचलला तर बिजागरीत बोट सापडण्याचा धोका आहे. पैशांच्या बाबतीत मात्र तुलना नाही. किलोवर हिशेब होऊन मजुरीसह साधारण ४,००० रुपयांत काम झाले, आणि ॲल्युमिनियमच्या रॅम्पला त्याच्या तिपटीहून अधिक मोजले होते.

जाळीचा निर्णय मी आग्रहाने घेतला होता आणि त्याचे समाधान वाटते. चेकर्ड प्लेट (उठावाची नक्षी असलेला पत्रा) दिसायला दणकट असते, पण तिच्या नक्षीत एकदा राधानगरीची तांबडी माती बसली आणि वर पाऊस पडला की ती गुळगुळीत पाटीसारखी होते. जाळीतून माती आणि पाणी खाली गळून जाते, तिच्या धारदार कडा टायरच्या रबरात रुततात आणि ओल्या दिवसातही चाक घसरत नाही. नुसत्या पायऱ्यांचा रॅम्प हलका होतो, परंतु माणसाचे पाऊल दोन पायऱ्यांमध्ये जाते आणि त्याच वेळी गाडीचा तोल त्याच्या हातात असतो. पायांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: कोल्हापुरी पायताण घालून या कामाला येणारे एक स्नेही आमच्यात आहेत. कातडी तळाचे ते पायताण ओल्या धातूवर कसे वागते, हे एका पावसाळ्यात आम्ही सर्वांनी पाहिले. आता ते रबरी तळाचे बूट घालून येतात.

२०२१ च्या जुलैच्या महापुरानंतर या रॅम्पची खरी कसोटी लागली. पंचगंगेचे पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या सखल भागांत शिरले होते, आणि ओसरल्यावर ओळखीच्या लोकांच्या बुडालेल्या मोटारसायकली गॅरेजपर्यंत न्यायच्या होत्या. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहायची नसते, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे प्रत्येक गाडी मृतावस्थेत, चाकांना गाळ लागलेली, ढकलूनच चढवायची होती. आठ फुटी रॅम्पवर दोघे मागून ढकलत आणि तिसरा हौद्यात उभा राहून पुढच्या काट्याला (फोर्कला) बांधलेला दोर ओढत असे, आणि त्या दोराला हौद्याच्या पुढच्या दांडीचा एक वेढा घेतलेला असे. त्या वेढ्यामुळे मधेच दम घ्यायला थांबले तरी गाडी मागे येत नाही. सहा फुटी फळीवर हे काम आम्ही अर्ध्यातच सोडले असते.

त्या काळात रॅम्पच्या खालच्या टोकाचीही एक उणीव दिसली. गाळावर टेकलेले टोक भार येताच रुतते, उंची बदलते आणि पट्टा ढिला पडतो. उलट फरशीवर तेच टोक मागे सरकते. नंतर आम्ही खालच्या टोकाला हातभर रुंदीची लोखंडी पट्टी जोडून घेतली आणि तिच्या खाली जुन्या टायरचा तुकडा बोल्टने बसवला. पाइपची तोंडे मिस्त्रींनी वेल्ड करून बंद केली होती, तरी पहिल्या पावसाळ्यानंतर आत पाणी खळखळू लागले. तेव्हा दोन्ही पाइपांना सर्वांत खाली एकेक छिद्र पाडले. रेड ऑक्साइड आणि वरचा रंग दर वर्षी जाळीवरून निघतोच, त्यामुळे मे महिन्यात एक दिवस रंगाला द्यावा लागतो. ॲल्युमिनियमला ही कटकट नाही.

जागा मिळेल तिथे रॅम्पचे निम्मे काम जमिनीकडून करून घ्यावे, हे शेतकऱ्यांकडून शिकलो. टेम्पोची मागची बाजू शेताच्या बांधाला किंवा घराच्या जोत्याला लावली की २७ इंचांची उंची सहज १५ इंचांवर येते. मग त्याच आठ फुटी रॅम्पवर चढ नऊ अंशांचा आणि १९५ किलोंच्या गाडीसाठी लागणारा जोर ३० किलोंचा उरतो, इतका की एकटा माणूसही गाडी चढवू शकेल. तरीही टेम्पोचा हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये ठेवून चाकांपुढे लाकडी ठोकळे लावावेत. मोटारसायकल चढत असताना टेम्पो बोटभर जरी पुढे सरकला तरी रॅम्पची जीभ सुटते.

वर चढलेली गाडी बांधण्याबद्दल थोडक्यात लिहितो. गाडी साइड स्टँडवर उभी करून बांधू नये. पुढचे चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून, गाडी सरळ उभी ठेवून, हँडलऐवजी त्याखालच्या काट्याच्या ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी रॅचेट पट्टे घालावेत आणि पुढचे शॉकअप अर्ध्यापर्यंत दबेल इतके ताणावेत. मागच्या बाजूला दोन पट्टे गाडी आडवी हलू नये म्हणून घालावेत. नायलॉनची दोरी ओली झाल्यावर सैल होते आणि गगनबावड्याच्या वळणांवर ते कळते. घडी घातलेला रॅम्पही बांधावा, आमचा एकदा गाडीच्या टाकीवर पडला आहे.

मग घ्यावे काय? ज्यांच्या घरी जड साधन ठेवायला जागा आहे, टेम्पो ठरलेला आहे आणि मदतीला एखादा माणूस असतो, त्यांनी उद्यमनगरात आपल्या हौद्याच्या उंचीच्या साडेतीन पट लांबीचा पोलादी रॅम्प करून घ्यावा. तो स्वस्त पडतो, आपल्या टेम्पोच्या कडेला बसतो आणि बिघडला तर गल्लीतच दुरुस्त होतो. ज्यांना दर वेळी वेगळा टेम्पो मिळतो किंवा बहुतेक काम एकट्याने करावे लागते, त्यांनी ॲल्युमिनियमचा, कमानीचा, निदान साडेसात फुटी आणि लांब जिभेचा रॅम्प जास्त पैसे देऊन घ्यावा. ११० किलोंच्या आतबाहेरच्या स्प्लेंडरसारख्या गाड्याच हलवायच्या असतील तर सहा फुटी रॅम्पही चालेल. बुलेटसाठी तो कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. पट्टा नसलेला रॅम्प तर कुठल्याच गाडीसाठी नको.

आमच्या रॅम्पमध्ये एक उणीव अजून राहिली आहे. एक फूट रुंदी चाकाला पुरते, गाडीशेजारून चालणाऱ्या माणसाला पुरत नाही. तो माणूस खाली जमिनीवरून चालत राहतो आणि हँडल हळूहळू त्याच्या डोक्याच्या उंचीला जाते. अखेरच्या दोन फुटांत तर त्याचे हात वर ताणलेले असतात. सध्या आम्ही तिथे दुधाचा एक पालथा कॅरेट ठेवतो. मिस्त्रींकडे मागच्या आठवड्यात आठ फुटी, नऊ इंच रुंदीच्या आणि तशाच जाळीच्या दुसऱ्या फळीचे माप देऊन आलो आहे. ती फक्त माणसासाठी असल्याने पाइप हलका घेतला तरी चालेल असे मी म्हणालो होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे आणि मग आमच्या त्या पायताणवाल्या स्नेह्यांच्या पोटाकडे पाहिले, आणि कागदावर आधीचाच पाइप लिहिला.